प्रॉपेलरचा पिच आणि क्रूझचा वेग: आधी ड्रॅग, मग पिच

ऍरिझोनातल्या एका मराठी बिल्डरचा प्रश्न आहे. घरी बांधलेलं आरव्ही-६ हे छोटं विमान, लायकॉमिंगचं ओ-३२० इंजिन, १६० अश्वशक्ती, पुढे सेन्सेनिचचा ७० इंच व्यासाचा, ७९ इंच पिचचा, धातूचा स्थिर-पिच (उडताना पात्यांचा कोन न बदलणारा) प्रॉपेलर. ८,००० फुटांवर थ्रॉटल पूर्ण उघडून २४७० आरपीएम (मिनिटाला फेरे) मिळतात आणि खरा हवाई वेग ताशी १७४ मैल येतो. चाकांची आवरणं आणि लँडिंग गिअरच्या पायांवरची फेअरिंगं (हवेचा अडथळा कमी करणारी झाकणं) बनवून झाली आहेत, पण अजून बसवलेली नाहीत. हँगरमधली मंडळी सांगतात, पिच ८२ करून आण, क्रूझ (लांबच्या समतल उड्डाणातला वेग) वाढेल. करावं का?

करू नका. आज आहे त्या अवस्थेत पिच ८२ केलात तर विमान एक-दोन मैलांनी सावकाशच जाईल, टेकऑफची धाव लांबेल आणि चढण मंदावेल. हा सल्ला सगळीकडे दिला जातो, चांगले अनुभवी लोक देतात, आणि त्यापायी लोक धडधाकट प्रॉपेलर दुरुस्तीला पाठवतात. म्हणून जरा मुळापासून सांगतो.

पिच म्हणजे प्रॉपेलर घन पदार्थात स्क्रूसारखा शिरत गेला तर एका फेऱ्यात जितका पुढे जाईल ते अंतर. ७९ इंच पिच म्हणजे एका फेऱ्याला ७९ इंच. यावरून एक सोपं सूत्र निघतं: पिच इंचांत, गुणिले आरपीएम, भागिले १०५६, की उत्तर ताशी मैलांत. तुमचे आकडे घातले की १८५ मैल येतात. विमान प्रत्यक्षात १७४ ने जातंय, मधल्या अकरा मैलांना स्लिप म्हणतात. आता याच सूत्रात ७९ च्या जागी ८२ घाला, उत्तर १९२. हँगरमधला सल्ला इथूनच येतो. पण त्या गणितात आरपीएम तेच राहतील असं गृहीत धरलंय आणि सगळी गफलत तिथेच आहे. पातं जास्त तिरकं झालं की ते प्रत्येक फेऱ्यात हवेचा मोठा घास घेतं, तो घास ओढायला इंजिनाला जास्त टॉर्क द्यावा लागतो. थ्रॉटल आधीच पूर्ण उघडा आहे, द्यायला जास्तीचं काही उरलेलं नाही. मग आरपीएम पडतात. घाटात टॉप गिअर टाकला म्हणून गाडी पळत नाही, तसंच हे.

एक इंच पिचला किती आरपीएम पडतात? या वर्गाच्या इंजिन-प्रॉपेलरला साधारण पंचवीस ते चाळीस. म्हणजे तीन इंचांना ऐंशी-शंभर. तुमचे २४७० होते ते २३८०-२३९० वर येतील. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद, मॅनिफोल्ड प्रेशर (सिलिंडरांत जाणाऱ्या हवेचा दाब) तेवढंच असताना, आरपीएमच्या जवळपास प्रमाणात असते. आरपीएम साडेतीन टक्के पडले की ताकदही तितकीच पडली. क्रूझमध्ये लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे साडेतीन टक्के ताकद गेली तर वेग एक टक्क्याहून थोडा जास्त घटतो. १७४ मैलांच्या विमानात ती घट दोन मैलांची.

हा घनाचा नियम नीट मनात बसवा, कारण त्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. दहा टक्के जास्त ताकद मिळाली तरी वेग जेमतेम तीन टक्के वाढतो. पिच एक-दोन इंच इकडेतिकडे करून क्रूझमध्ये मोठी उडी मिळेल ही आशाच मुळात फोल आहे. एक-दोन मैलांचा फरक पडेल, तोही योग्य दिशेने बदल केला तर.

मग प्रॉपेलरची कार्यक्षमता वाढून काही मिळणार नाही का, असं कोणी विचारेल. फारसं नाही. राइट बंधूंनी १९०३ साली साडेआठ फूट व्यासाचे जे लाकडी प्रॉपेलर हाताने तासले त्यांची कार्यक्षमताही पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपास होती. आजचा चांगला स्थिर-पिच प्रॉपेलर क्रूझमध्ये ऐंशी ते पंचाऐंशी टक्क्यांवर काम करतो आणि त्या आलेखाचा माथा बराच सपाट असतो. तुमच्या प्रॉपेलरच्या तीन-चतुर्थांश त्रिज्येवर, म्हणजे मध्यापासून सव्वासव्वीस इंचांवर, ७९ इंच पिचचा कोन २५.६ अंश येतो आणि ८२ इंचांचा २६.४. एका अंशाहून कमी फरक. एवढ्याने पात्याची कार्यक्षमता हलत नाही. हलतं ते इंजिन कुठल्या आरपीएमवर बसतं ते, आणि त्यातून त्याची किती अश्वशक्ती वापरायला मिळते ते. स्थिर-पिच विमानात पिचचं काम एवढंच: ड्रॅगमुळे, म्हणजे हवेच्या विरोधामुळे, विमान ज्या वेगाला अडणार आहे, त्या वेगाला इंजिन आपल्या परवानगीच्या सर्वांत वरच्या आरपीएमवर असावं. वेग ठरवतात ड्रॅग आणि अश्वशक्ती.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर गॅरेजमध्ये पडलेलं आहे. आरव्हीसारख्या सफाईदार विमानात उघडी चाकं, ब्रेक, पायांचे गोल दांडे आणि ते फ्युजलाजला मिळतात तिथले सांधे यांचा ड्रॅग एकूण ड्रॅगच्या मानाने फार मोठा असतो. आवरणं, पायांवरची फेअरिंगं आणि दोन्ही टोकांच्या सांध्यांवरची फेअरिंगं असा पूर्ण संच नीट बसवला तर ताशी दहा-पंधरा मैल सहज मिळतात, कधी त्याहून जास्त. १६० अश्वशक्तीच्या साफ आरव्ही-६ चा वेग ८,००० फुटांवर १९० मैलांच्या आसपास असतो, तुमचं विमान त्याच्या जवळ जायला हवं. आणि गंमत पाहा: विमान जास्त वेगाने जाऊ लागलं की समोरून येणारी हवा पात्याचा घास हलका करते, आरपीएम आपोआप चढतात. तुमचा हाच ७९ इंचांचा प्रॉपेलर मग २६०० च्या आसपास फिरेल. १९० मैल आणि २६०० आरपीएम घालून सूत्र परत मांडा: १९४ च्या समोर १९०, स्लिप जेमतेम चार मैल. इंजिनाला सव्वाशे-दीडशे आरपीएम जास्त मिळाले, म्हणजे पाच टक्के ताकद वाढली, ती प्रॉपेलरला हात न लावता.

आवरणं बसवताना पुढचं-मागचं टोक उड्डाणाच्या रेषेत आहे ना ते बघा. जमिनीवर उभ्या विमानाच्या नजरेने जुळवू नका. शेपूट जॅकवर उचलून फ्युजलाज समपातळीत आणा, नाकापासून शेपटापर्यंतची मध्यरेषा ओळंब्याने जमिनीवर खडूने आखा, आणि दोन्ही आवरणं तिला समांतर आहेत का ते मापून घ्या. पायांवरच्या फेअरिंगचं मागचं टोक दोन-तीन अंशांनी जरी वळलं असलं तरी ते लहानशा रडरसारखं वागतं, आणि विमान आडवं घसरतंय का ते दाखवणारा पॅनेलवरचा बॉल मध्यावर ठेवायला पाय दाबून ठेवावा लागतो.

आता २६०० या आकड्याकडे येऊ. ओ-३२० ची लाल रेघ, म्हणजे कमाल आरपीएमची खूण, २७०० ला आहे, पण या इंजिनावर सेन्सेनिचचा हा ७० इंची धातूचा प्रॉपेलर २६०० च्या वर चालवायचा नाही. ही मर्यादा कंपनांमुळे आहे. चार सिलिंडरांच्या प्रत्येक स्फोटाचा धक्का क्रँकशाफ्टमधून पात्यांत जातो, आणि ठरावीक फेऱ्यांवर तो पात्याच्या स्वतःच्या कंपनाशी जुळला की धातूला थकवा येतो. पात्याचं टोक तुटून गेलं तर उरलेल्या असमतोलाने इंजिन माउंटवरून उपटलं जाऊ शकतं. "थोडंसं २६५० गेलं तर काय होतंय" असं म्हणणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका.

या मर्यादेमुळे पिच निवडताना उंचीचा प्रश्न येतो, आणि इथे एक गोष्ट पुष्कळांना चकवते. त्यांना वाटतं, वर हवा विरळ, म्हणजे प्रॉपेलर सैल फिरेल आणि आरपीएम खूप चढतील. पण हवा विरळ झाली की इंजिनही त्याच प्रमाणात, किंबहुना थोडं जास्तच, कमजोर होतं. ८,००० फुटांवर पूर्ण थ्रॉटलला समुद्रसपाटीच्या सुमारे ७६ टक्के ताकद उरते, घनता उरते ७९ टक्के. दोन्ही जवळपास एकत्र उतरतात म्हणून समतल उड्डाणातले पूर्ण थ्रॉटलचे आरपीएम खाली आणि वर फारसे बदलत नाहीत. खाली थोडे जास्त असतात, चाळीसेक. म्हणजे जो प्रॉपेलर ८,००० फुटांवर बरोबर २६०० देतो तो दोन हजार फुटांवर मर्यादा ओलांडेल आणि तिथे थ्रॉटल मागे घ्यावा लागेल. तुमची बहुतेक उड्डाणं लांब पल्ल्याची आणि उंचावरची असतील तर याचा काही त्रास नाही. खालूनच फिरणार असाल तर ८० किंवा ८१ चा विचार करता येतो, पण तोही आवरणं बसवून, मोजमाप करून झाल्यावर.

ऍरिझोनात राहता म्हणून टेकऑफबद्दल थोडं जास्त सांगतो. क्रूझसाठी पिच वाढवला की त्याची किंमत धावपट्टीवर मोजावी लागते. उभ्या विमानात पूर्ण थ्रॉटलला तुमचा प्रॉपेलर २१५० ते २२५० च्या दरम्यान फिरत असेल. त्या वेळी पात्याचा बराच भाग स्टॉल झालेला असतो (त्यावरून हवा सुरळीत वाहत नाही), आणि १६० अश्वशक्तीतली मोठी ताकद हाताशीच नसते. पिच आणखी वाढवला तर ती आणखी घटते. फ्लॅगस्टाफचा विमानतळ समुद्रसपाटीपासून ७,०१४ फुटांवर आहे. तिथे दुपारी ३० अंश तापमान असेल तर घनता-उंची, म्हणजे एरवी इतकी विरळ हवा ज्या उंचीवर असते ती, १०,००० फुटांच्या वर जाते. सामानासकट, दोन माणसं आणि भरलेल्या टाक्या घेऊन तिथून निघताना त्या ऐंशी-शंभर आरपीएमची किंमत कळते. आपल्याकडेही हे काही परकं नाही. मे महिन्यात पुण्यात पारा ३९ वर गेला की तिथली घनता-उंची पाच हजार फुटांच्या पुढे असते.

हा व्यवहार नवा नाही. २० मे १९२७ रोजी अटलांटिक एकट्याने ओलांडायला लिंडबर्ग न्यूयॉर्कजवळच्या रूझवेल्ट फील्डवरून पॅरिसला निघाला तेव्हा त्याच्या विमानावर जमिनीवर कोन बदलता येणारा धातूचा प्रॉपेलर होता आणि त्याचा कोन पल्ल्याला झुकतं माप देऊन लावलेला होता. इंधनाने ठासून भरलेलं ते विमान ओल्या धावपट्टीवरून कसंबसं उठलं आणि टोकाच्या टेलिफोनच्या तारांवरून थोडक्यात गेलं. त्याला समुद्र ओलांडायचा होता, त्याने ती जोखीम जाणून घेतली. शनिवारी सकाळी नाश्त्याला उडून जाणाऱ्याने घेण्याचं कारण नाही.

प्रश्नात अजून एक गोष्ट होती. तुमच्या ओळखीच्या कोणाच्या विमानावर ७२ इंच पिचचा लाकडी प्रॉपेलर आहे, आणि ते तुमच्यापेक्षा जोरात जातं, हे कसं? पिचचा छापलेला आकडा एका कंपनीपुरताच खरा असतो. बहुतेक उत्पादक पात्याच्या मागच्या, म्हणजे वैमानिकाकडच्या, सपाट बाजूवरून कोन मोजतात. पण पातं हा पंखाचाच छेद आहे, वरच्या बाजूने फुगीर. सपाट बाजूने कोन शून्य धरला तरी तो छेद उचल देतच असतो. उचल खरोखर शून्य होते ती त्याहून काही अंश खालच्या कोनाला. किती अंश, ते छेदाच्या फुगवट्यावर अवलंबून. जाड, फुगीर लाकडी पात्यात ते जास्त असतात, म्हणून त्याचा खरा पिच छापलेल्यापेक्षा बराच मोठा निघतो. कधीकधी विमान छापील पिचच्या हिशोबापेक्षा जोरात जातं आणि लोक ऋण स्लिप मिळाली म्हणून चकित होतात. त्यात जादू नाही, मोजायची रेघ वेगळी आहे इतकंच. पात्याची रुंदी, टोकाचा आकार, पिच मध्यापासून टोकापर्यंत कसा बदलतो, हेही प्रत्येकाचं वेगळं. तेव्हा एका कंपनीच्या ७२ ची दुसऱ्या कंपनीच्या ७९ शी तुलना करू नका. नवा प्रॉपेलर मागवताना उत्पादकाला इंजिनाची अश्वशक्ती, कमाल आरपीएम, मोजलेला खरा वेग आणि कुठल्या उंचीवर तो मोजला ते सांगा, पिच त्याला ठरवू द्या.

व्यासाबद्दल थोडक्यात. ७० इंच व्यास २७०० आरपीएमवर फिरला तर टोक सेकंदाला २५० मीटर वेगाने जातं, आणि विमानाचा स्वतःचा वेग त्यात मिळवला की ध्वनीच्या वेगाच्या ७८ टक्क्यांच्या घरात पोचतं. इथवर ठीक असतं, याच्या बरंच पुढे गेलं की टोकावर धक्कालहरी तयार होऊन ताकद आवाजात वाया जाते. जोरात जाणाऱ्या लहान विमानांचे प्रॉपेलर आखूड आणि जास्त पिचचे दिसतात त्याचं हे एक कारण.

पिचबद्दल निर्णय घेण्याआधी मोजमाप खरं आहे का ते तपासा. यांत्रिक टॅकोमीटर जुना झाला की पन्नास-शंभर आरपीएम चुकीचे दाखवणं अगदी नेहमीचं. पात्यांवर रोखायचा साधा ऑप्टिकल टॅकोमीटर घ्या, दिवसाउजेडी, जमिनीवर दोन-तीन वेगवेगळ्या आरपीएमला पडताळा करा, फरक कागदावर लिहून पॅनेलवर चिकटवा. मॅनिफोल्ड प्रेशरचं मीटर असेल तर ८,००० फुटांवर पूर्ण थ्रॉटलला ते सुमारे २२ इंच दाखवायला हवं. साडेवीस दाखवत असेल तर एअर फिल्टर तुंबलाय, किंवा कॉकपिटमधला नॉब पूर्ण आत गेला तरी कार्ब्युरेटरवरचा आर्म शेवटच्या थांब्याला टेकत नाहीये. हे दुसरं मी किती विमानांत पाहिलंय! काउल (इंजिनावरचं झाकण) काढा, एकाला आत बसवून थ्रॉटल पूर्ण ढकलायला सांगा आणि आर्म थांब्याला टेकतो का ते डोळ्यांनी बघा. मॅग्नेटोचं, म्हणजे ठिणगी देणाऱ्या यंत्राचं, टायमिंग इंजिनाच्या डेटा प्लेटवर दिलंय तितकंच आहे का तेही त्याच वेळी पाहून घ्या.

वेगासाठी एअरस्पीड इंडिकेटरवर विसंबू नका. घरच्या बांधणीत स्टॅटिक पोर्ट (बाहेरच्या हवेचा दाब घेणारं छिद्र) रिव्हेटच्या डोक्याएवढं कमी-जास्त वर आलं तरी चार-पाच मैलांची चूक होते. पहाटे, हवा शांत असताना वर जा. ८,००० फूट घनता-उंची धरा. उन्हाळ्यात त्यासाठी अल्टिमीटरवर सहा-साडेसहा हजारच ठेवावे लागतील. थ्रॉटल पूर्ण, मिश्रण एक्झॉस्ट तापमानाच्या शिखरापासून शंभरेक अंश फॅरनहाइट रिच, म्हणजे जास्त इंधनाच्या, बाजूला. मग थांबा. विमानाला शेवटचे तीन-चार मैल पकडायला काही मिनिटं लागतात, लोक घाई करतात आणि आकडा कमी लिहितात. त्यानंतर उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम असं कंपासवरचं हेडिंग धरून प्रत्येक दिशेला जीपीएसचा भूवेग नोंदवा, चारांची सरासरी काढा. वारा वीस नॉटच्या आत असेल तर या पद्धतीतली चूक एका नॉटपेक्षा कमी राहते. जीपीएस ट्रॅक (जमिनीवरचा मार्ग) नाही, हेडिंग (नाकाची दिशा) धरायचंय, एवढं लक्षात ठेवा.

ज्यांच्याकडे रोटॅक्स ९१२ यूएलएस इंजिन आणि जमिनीवर कोन बदलता येणारा प्रॉपेलर आहे त्यांचं काम सोपं. तिथे गिअरबॉक्स २.४३ ला १ आहे, इंजिन ५५०० ला फिरलं की प्रॉपेलर २२६० च्या आसपास. ५५०० ही सलग चालवायची कमाल मर्यादा, ५८०० फक्त पाच मिनिटं. समतल उड्डाणात पूर्ण थ्रॉटलला साधारण ५५०० ते ५६०० मिळतील असा कोन लावा. त्याहून बराच जास्त कोन लावून, पूर्ण थ्रॉटलला इंजिन ५२०० च्या खाली दाबून ठेवणं इंजिनाला मारक आहे. अर्धा अंश कोन बदलला की इंजिनाचे शंभर-दीडशे आरपीएम बदलतात, तेव्हा एका वेळी अर्ध्या अंशापेक्षा जास्त हलवू नका. मुख्य स्विच आणि इग्निशनचे दोन्ही स्विच बंद असल्याची खात्री करून पातं आडवं आणा, उत्पादकाने सांगितलेल्या त्रिज्येवर पेन्सिलीची खूण करा, डिजिटल लेव्हल तिथेच ठेवून वाचा, मग प्रॉपेलर फिरवून दुसरं पातं नेमकं त्याच जागी आणून वाचा. दोन पात्यांत दोन दशांश अंशापेक्षा जास्त तफावत राहिली तर केबिनमध्ये थरथर जाणवेल. बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळायचे, आणि पहिल्या उड्डाणानंतर परत तपासायचे.

तुमच्या धातूच्या प्रॉपेलरला मात्र घरी काही करायचं नाही. तो कार्यशाळेत टेबलावर बांधून थंड अवस्थेत पिरगळतात, किती पिरगळायचा त्याला उत्पादकाची मर्यादा असते, आणि नंतर तपासणी व समतोल करावा लागतो. कॉन्स्टंट-स्पीड, म्हणजे उडताना आपोआप कोन बदलून आरपीएम कायम ठेवणाऱ्या, प्रॉपेलरचंही कोणी सुचवेल. टेकऑफला पूर्ण २७०० आरपीएम आणि चढणीत मोठा फरक, हे त्याचे खरे फायदे. क्रूझच्या वरच्या टोकाला मात्र नीट निवडलेल्या स्थिर-पिचपेक्षा तो फारसा पुढे जात नाही, आणि वजन, गव्हर्नर, देखभाल यांचा खर्च मोठा. फक्त क्रूझसाठी घेऊ नका.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी आर्म, फिल्टर, टॅकोमीटर. मग सगळी फेअरिंगं. मग वर सांगितल्याप्रमाणे चार दिशांची चाचणी. साफ विमानात ८,००० फुटांवर २५८० ते २६०० आले तर ७९ बरोबर आहे, प्रॉपेलरला हात लावू नका. २६५० कडे जाऊ लागले तर एक-दोन इंच वाढवून ८० किंवा ८१ करा, आणि ते होईपर्यंत थ्रॉटल मागे घेऊनच उडा. २५२० च्या खाली राहिले तर एक-दोन इंच कमी करून घ्या. क्रूझही वाढेल, चढणही सुधारेल.